नाव नोंदविले, पुढे काय?

उज्जयिनीला जाणारा आमच्या किनारपट्टीवरील यात्रेकरू महाकालाचे दर्शन घेतो, क्षिप्रेच्या रामघाटावर स्नान करतो, हरसिद्धीच्या देवळापुढील दोन उंच दीपमाळा पाहून त्याला क्षणभर आपल्या गावच्या देवळाची आठवण होते, आणि मग तो परतीच्या गाडीला लागतो. ज्या महाकाल-मंदिरापुढे तो हात जोडतो त्याचा अठराव्या शतकात जीर्णोद्धार करविणारे रामचंद्रबाबा सुखटणकर हे राणोजी शिंद्यांचे दिवाण. त्या घराण्याचे मूळ आमच्याच किनाऱ्यावरील सारस्वतांत. पोटापाण्यासाठी घाट चढून माळव्यात जाण्याची वाट आम्हांला नवी नाही, एवढेच यावरून ध्यानात घ्यावयाचे. परंतु यात्रेकरूच्या दृष्टीस सहसा न पडणारी आणखी एक उज्जयिनी आहे. ती गिरण्यांची उज्जयिनी.

विनोद मिल, नजरअली मिल, हिरा मिल ही नावे त्या शहरात एके काळी घरोघरी घेतली जात. माळव्याच्या काळ्या जमिनीतला कापूस आणि ग्वाल्हेर संस्थानचा आश्रय यांवर उभ्या राहिलेल्या या गिरण्यांच्या भोंग्यावर शहराची घड्याळे लागत. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हे भोंगे एकामागून एक थांबले. विनोद मिलच्या कामगारांच्या देण्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेजारच्या इंदूरच्या हुकुमचंद मिलची कथा तर सर्वांस ठाऊक आहे. तिचे दरवाजे १९९२ साली बंद झाले, आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपये मार्गी लागले ते २५ डिसेंबर २०२३ रोजी. एकतीस वर्षे! तोवर कित्येकांच्या वतीने पैसे घ्यावयास त्यांच्या विधवा आल्या असतील.

पैशाचा हा हिशेब न्यायालयांनी केला. परंतु गिरणी बंद पडल्यावर त्या माणसांनी दुसरे काम शोधले काय, कोठे शोधले, कोणत्या दिवशी शोधणे सोडून दिले, आणि त्या दिवशी त्यांच्याशी दोन शब्द बोलावयास कोणी होते काय, याचा हिशेब कोणाच्याच दप्तरी नाही. आम्हांला आज लिहावयाचे आहे ते या न मांडलेल्या हिशेबाविषयी.

दप्तर मात्र आहे, आणि चांगले जुने आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांस नागरी जीवनात कामधंदा मिळावा म्हणून १९४५ च्या जुलैमध्ये सरकारने रोजगार विनिमय केंद्रांची योजना सुरू केली. १९४८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे आजचे मध्य प्रदेश राज्य जन्मास आले त्याच दिवशी, त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांच्या हाती गेला. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापना आणि पंचवीस किंवा अधिक माणसे कामास ठेवणारे खासगी मालक यांच्यावर रिकाम्या जागा केंद्रास कळविण्याचे बंधन घातले. बंधन होते ते कळविण्याचे. केंद्राने पाठविलेल्या उमेदवारालाच घ्यावे अशी सक्ती त्या कायद्यात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये स्पष्ट केले. आणि १९९६ मध्ये तर केंद्राच्या यादीवरच विसंबून राहू नका, वृत्तपत्रांतून जाहिरातही द्या, असे सरकारी खात्यांनाच बजावले. न्यायालयाचा तर्क निर्दोष होता. ज्याने नाव नोंदविले नाही त्यालाही संधी मिळाली पाहिजे. परंतु त्यामुळे या केंद्रांच्या हाती नोंदवहीपलीकडे फारसे काही उरले नाही. पुढे २०१५ साली राष्ट्रीय करिअर सेवा नावाचे संगणकीय दालन उघडले, आणि सामाजिक सुरक्षा संहितेत या जुन्या केंद्रांना 'करिअर सेंटर' असे नवे नाव मिळाले.

गोव्यात रोजगार विनिमय केंद्र, महाराष्ट्रात सेवायोजन कार्यालय, मध्य प्रदेशात रोजगार कार्यालय. नावे निराळी, खिडकी एकच. आमच्या वाचकांपैकी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांनी त्या खिडकीपुढे कधी ना कधी रांग लावली असेल. मॅट्रिकचा किंवा पदवीचा निकाल लागला की वडील सांगत, "जा, नाव घालून ये." मग दाखल्यांच्या प्रती, त्यांवर कोणा अधिकाऱ्याची सही, आणि अखेरीस नोंदणी क्रमांक असलेले ते कार्ड. ते कार्ड देवघरातल्या पोथीसारखे जपून ठेवले जाई. ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागे. न केले तर ज्येष्ठता बुडे. त्या ज्येष्ठतेचे भय असे की मुंबईत हंगामी कामावर असलेला मुलगा नूतनीकरणाची तारीख साधण्यासाठी रजा टाकून, रातराणीने गावी येई.

येथेच या व्यवस्थेचे मर्म, आणि तिची गोमही, सापडते. नूतनीकरण करून आलेल्या मुलाला आपण नोकरी शोधली असेच वाटे. घरच्यांनाही तसेच वाटे. वस्तुतः त्याने काही शोधलेले नसे. शोध दुसऱ्या कोणावर तरी सोपवून तो परत आलेला असे, आणि ज्याच्यावर सोपविला त्या कारकुनाला तर ते काम आपले आहे याची कल्पनाही नसे. २०१२ सालचे आकडे पाहावेत. देशभरच्या केंद्रांच्या नोंदवह्यांत त्या वेळी सुमारे साडेचार कोटी नावे होती. वर्षभरात केंद्रांमार्फत कामास लागलेले लोक चार लाखांच्या आसपास होते. शेकडा एक! आणि त्यांतही निम्म्याहून अधिक एकट्या गुजरात राज्यातले, कारण तेथील अधिकारी मालकांना भेटतात, भरतीमेळावे भरवितात, खुर्ची सोडून बाहेर पडतात.

आम्हांला त्या कारकुनाची टिंगल करावयाची नाही. त्याच्यापुढे दिवसाला शे-दोनशे माणसे उभी असतात. त्यांची नावे, शिक्षण, जात, व्यवसाय-वर्गीकरणाचा आकडा ही नोंद बिनचूक करणे हेच त्याचे काम म्हणून नेमून दिलेले आहे. त्याचा वरिष्ठ तपासतो ते तेवढेच. समोरच्या माणसाने गेल्या आठवड्यात काय केले, हे विचारण्याचा रकाना त्याच्या फॉर्मात नाही. आणि आमच्या मते, सारे अडते ते नेमके त्या नसलेल्या रकान्यात.

कारण नोकरीचा शोध ही आपोआप चालणारी गोष्ट नव्हे. तिला रोज सकाळी नव्याने सुरुवात करावी लागते, आणि रोज संध्याकाळी अपयश पदरात घ्यावे लागते. व्हिएन्नाजवळच्या मारीएन्थाल नावाच्या खेड्याचे उदाहरण या संदर्भात आठवते. तेथील सूतगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ अख्खे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झायझेल या तरुण अभ्यासकांनी त्या गावाचा अभ्यास करून १९३३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हाती मोकळा वेळ आला म्हणजे माणसे अधिक वाचतील, अधिक हिंडतील, अधिक धडपडतील, असे कोणासही वाटेल. घडले ते उलट. ग्रंथालयाची वर्गणी माफ केलेली असतानाही पुस्तके नेणे निम्म्यावर आले. रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांचा वेग मंदावला. वाटेत ते पुनःपुन्हा थांबू लागले. बहुतेकांनी खिशात घड्याळ बाळगणे सोडून दिले. बायकांचा वेग मात्र फारसा मंदावला नाही, कारण चूल पेटवावयाची वेळ ठरलेली होती. उज्जयिनीच्या गिरणी-वस्तीतल्या चहाच्या टपरीवर नव्वदच्या दशकात बसणाऱ्या माणसांच्या चालीचे मोजमाप कोणी केले नाही. पण ते मारीएन्थालहून फार वेगळे निघाले असते असे मानण्यास जागा नाही.

किंबहुना उदाहरणासाठी व्हिएन्नाला जाण्याचेही कारण नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर गिरणगावातून कोकणात परतलेली माणसे आमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. पडवीत बसून राहणारा, मुंबईहून आलेल्या प्रत्येकाला "गिरण्या कधी सुरू होतात?" असे विचारणारा तो काका आळशी नव्हता. पंचवीस वर्षे साच्यावर तीन पाळ्यांत राबलेला माणूस आळशी असत नाही. त्याला त्याचा भोंगा परत हवा होता, आणि तो भोंगा आता वाजणार नाही, आता अमुक ठिकाणी जाऊन अमुक माणसास भेट, असे त्याला समोर बसवून सांगणारे कोणी भेटले नाही.

एरवी आपल्याकडे असे सांगणारे माणूस होते, हेही विसरता कामा नये. कोकणातला मुलगा प्रथम मुंबईस गेला की गाववाल्यांच्या खोलीवर उतरे. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपणारे. गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांचे गावोगावच्या नावाने चालणारे 'कूड' याच धर्तीचे. बोटीवरची नोकरी मिळेतो तेथे पाठ टेकावयास जागा असे. त्या खोलीतला वडीलधारा हाच नवख्या मुलाचा रोजगार अधिकारी. कोणत्या गिरणीत बदली भरतात, कोणता मुकादम किती खातो, कोणत्या दारवानाला आधी नमस्कार करावयाचा, हे त्याला पाठ असे. परंतु त्याची खरी किंमत या माहितीत नव्हती. रात्री जेवावयास बसताना तो विचारी, "आज खंय जाऊन इलंस?" या एका प्रश्नाच्या धाकाने तो मुलगा सकाळी उठून भायखळ्यापासून परळपर्यंत पायपीट करी. उत्तर देण्याजोगे काहीतरी घेऊन परतले पाहिजे, नाही तर पानावर मान खाली घालून जेवावे लागेल! आणि ज्या दिवशी त्याचे पाय खरोखरच उचलत नसत, त्या दिवशी तोच वडीलधारा म्हणे, "आज रव, उद्या माझ्यावांगडा चल."

गंमत अशी की, जगातील अर्थशास्त्रज्ञ गेली पंधरा-वीस वर्षे मोठमोठ्या आकडेवाऱ्या चाळून जे शोधून काढीत आहेत, ते या खोलीतल्या प्रश्नापाशीच येऊन थांबते. स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक बेकार व्यक्तीस एक सल्लागार नेमून दिलेला असतो व त्याच्याशी ठरावीक दिवसांनी भेट घ्यावी लागते. तेथील एका अभ्यासिकेने एक चतुर युक्ती योजिली. सल्लागार अचानक आजारी पडला वा अन्य कारणाने आला नाही, आणि त्यामुळे आरंभीची एखादी भेट बुडाली, तर त्या बेकाराचे काय होते, हे तिने पाहिले. भेट बुडालेली माणसे सरासरीने दहा दिवस अधिक बेकार राहिली. एक भेट, दहा दिवस! त्यातही सूक्ष्म भेद असा की कुशल सल्लागाराची भेट बुडाली तर नुकसान दुप्पट, आणि अकुशल सल्लागाराची बुडाली तर काहीच नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा दुसरा भाग आमच्या राज्यकर्त्यांनी विशेष मन लावून वाचावा. खुर्चीत कोणीतरी बसविले म्हणजे काम झाले, असे नाही.

दक्षिण आफ्रिकेत बेकार तरुणांवर केलेला प्रयोग आम्हांला त्याहून जवळचा वाटतो, कारण तेथेही आपल्याप्रमाणेच बेकारी प्रचंड आणि सरकारी यंत्रणा तोकडी. काही तरुणांना नेहमीचे मार्गदर्शन मिळाले. इतरांना त्याबरोबर एका कागदावर आपला बेत लिहावयास सांगितले. या आठवड्यात किती अर्ज करणार, कोणत्या दिवशी, कोणत्या मार्गाने. बस्स, इतकेच. ज्यांनी बेत लिहिला त्यांचे अर्ज सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले, आणि नोकरी लागण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने वाढले. शोधावर खर्च केलेले तास मात्र वाढले नाहीत. तेच तास अधिक डोळसपणे वापरले गेले, निरनिराळ्या दारांवर वापरले गेले. जो मुलगा एरवी एकाच परीक्षेच्या निकालाकडे डोळे लावून बसला असता, तो आणखी तीन ठिकाणी जाऊन आला.

येथे एक वादाचा मुद्दा उपस्थित होतो, आणि तो टाळून चालणार नाही. हा सल्लागार प्रेमळ असावा की कठोर? स्वित्झर्लंडमधीलच दुसऱ्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्या सल्लागारांनी समोरच्याची मर्जी सांभाळण्यास फारसे महत्त्व दिले नाही, त्यांची माणसे अधिक प्रमाणात कामास लागली. हे वाचून आमच्याकडील काही मंडळी टेबलावर मूठ आपटावयास उत्सुक होतील. त्यांनी ब्रिटनचा इतिहास आठवावा. १९१० साली तेथे सरकारी रोजगार केंद्रे उघडली. पुढे १९२० च्या दशकात बेकारभत्ता मागणाऱ्याने 'आपण खरोखरीच काम शोधीत आहोत' हे सिद्ध करावे अशी अट आली. जेथे काम नव्हतेच त्या खाणपट्ट्यांतील माणसे, केवळ शोधल्याचा पुरावा जमविण्यासाठी, बंद दरवाजांवर वणवण फिरली. लाखो अर्ज फेटाळले गेले, आणि १९३० मध्ये ती अट रद्द करावी लागली. कठोरपणाला समोर जागा असतील तरच अर्थ आहे. जागा नसताना केलेली विचारपूस ही चौकशी होते, आणि चौकशीने माणूस आणखी वाकतो.

शिवाय आपल्याकडे कठोर व्हावयाचे ते कशाच्या जोरावर? स्वित्झर्लंडच्या सल्लागाराच्या हातात भत्त्याची किल्ली असते. भारतात विमा योजनेत मोडणाऱ्या कामगारांना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेसारखा नव्वद दिवसांचा तुटपुंजा आधार सोडला, तर बेकाराला देण्यासारखे, म्हणून त्याच्यापासून काढून घेण्यासारखे, सरकारापाशी फारसे नाही. आपल्या अधिकाऱ्याला विश्वासावरच काम करावे लागेल. त्या स्विस अभ्यासकांनीच आणखी एक गोष्ट नोंदविली आहे: सल्लागार आणि बेकार यांची सामाजिक पार्श्वभूमी, शिक्षण, वय ही मिळतीजुळती असतील तर नोकरी लागण्याची शक्यता वाढते. खोलीवरच्या गाववाल्याचे यश यातच होते.

मग गाववाल्यावरच हे काम का सोपवू नये, असे कोणी विचारील. उत्तर असे की गाववाला फक्त आपल्या गावाला पाहतो. ज्याची खोली नाही, ज्याचा मुकादम नाही, ज्याचे आडनाव ऐकताच दारवान नजर फिरवितो, त्याने कोणाकडे जावे? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास डोळ्यांत अंजन घालणारा आहे. सारख्याच शिक्षणाचे अर्ज खासगी कंपन्यांकडे पाठविले असता, सवर्ण हिंदू आडनावांच्या तुलनेत दलित व मुस्लिम नावांच्या अर्जांना कमी प्रतिसाद मिळाला. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना नात्यागोत्याने, देवस्थानाच्या ओळखीने, जातीच्या सभेने आधार दिला. त्याची आम्ही कृतज्ञतेने नोंद घेतो. परंतु ज्या आधारावर आपण उभे राहिलो तो सर्वांना मिळालेला नाही, हेही त्याच कृतज्ञतेत आले पाहिजे. सरकारी कार्यालयाचे प्रयोजन तेथे आहे. ज्याला गाववाला नाही त्याचा गाववाला होणे, हे त्याचे काम.

मध्य प्रदेश सरकारने या दिशेने काय केले? काही वर्षांपूर्वी त्याने काही जिल्ह्यांतील रोजगार कार्यालये पुण्याच्या एका खासगी संस्थेच्या हाती देऊन पाहिली. तो प्रयोग टिकला नाही. मार्च २०२५ मध्ये मात्र एक अभिनव पाऊल पडले. रोजगार कार्यालयात नाव नोंदविलेल्यांना यापुढे बेकार न म्हणता 'आकांक्षी युवा' म्हणावे असे ठरले! शब्द गोड आहे, त्यात वादच नाही. कालिदासाच्या नगरीला शब्दांचे वावडे कसे असेल? परंतु नाव बदलल्याने ना माळव्यात एक जागा वाढली, ना कोणाची एक भेट ठरली.

याहून आम्हांला अधिक काळजी वाटते ती संगणकीय दालनांवरील अंधश्रद्धेची. नोंदणी आता घरबसल्या होते, रांग गेली, रातराणीने येणे गेले. हे सारे चांगलेच झाले. परंतु भारतातच व्यवसाय-शिक्षण संस्थांतून उत्तीर्ण झालेल्या तरुणांवर केलेल्या एका अलीकडच्या अभ्यासात विपरीत चित्र दिसले. ज्यांची नावे नोकरीच्या दालनावर घातली गेली, त्यांतल्या अनेकांच्या अपेक्षा वाढल्या. आता चांगली नोकरी चालून येईल या आशेने त्यांनी जवळचे काम पत्करले नाही, आणि ते इतरांहून कमी प्रमाणात कामावर आढळले. म्हणजे जुन्या कार्डाचीच कथा! तेव्हा कार्ड देवघरात असे, आता ते मोबाईलमध्ये असते. "तुझ्या शिक्षणाला आज बाजारात अमुक पगार आहे, हे काम धर, सहा महिन्यांनी पुढचे पाहू," असे सांगणारा माणूस तेव्हाही समोर नव्हता, आजही नाही.

उज्जयिनीपुरते बोलावयाचे तर त्या माणसाला काय ठाऊक असावे लागेल, हे सांगणे कठीण नाही. याच जिल्ह्यातल्या नागद्याला कृत्रिम धाग्याचा मोठा कारखाना १९५४ पासून चालू आहे. तेथे कंत्राटदार कोण, भरती केव्हा होते. देवास जवळ, इंदूर पंचावन्न किलोमीटरवर, त्यापलीकडे पीथमपूर. पहाटेची कोणती बस पाळीच्या वेळेस पोहोचविते आणि भाडे वजा जाता हाती काय उरते. नरवरच्या विक्रम उद्योगपुरीत कोणते कारखाने आले आणि त्यांना कोणत्या यंत्रावरचे हात हवेत. भैरवगडच्या छपाईकारांकडे शिकाऊ मुले घेतात काय. ही माहिती कोणत्याही दालनावर एकत्र मिळत नाही. ती कारखान्याच्या दारात उभे राहून मिळवावी लागते. आणि मग तिच्या आधारे, इंदूरच्या शिकवणीवर्गात चौथ्या वर्षी तीच स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलाला, "यंदा परीक्षा दे, पण या बुधवारी देवासला जाऊन ये, आणि शुक्रवारी मला सांग," असे म्हणता येते. शुक्रवारी तो आला नाही तर त्याच्या घरी फोन करता येतो.

याला खर्च येईल. का नाही येणार? जर्मनीने २००७ पासून काही निवडक कार्यालयांत सल्लागारांची संख्या वाढवून, प्रत्येकाकडील माणसे कमी करून पाहिली. बेकारीचा काळ घटला, आणि वाढीव पगाराचा खर्च भत्त्यातील बचतीतून भरून निघाला. आपल्याकडे भत्ताच नाही, तेव्हा ती बचत सरकारी जमाखर्चात दिसणार नाही. ती दिसेल घराघरांत, आणि अर्थखात्याला घरे दिसत नाहीत ही जुनी अडचण आहे. तरीही एका अधिकाऱ्याकडे शंभराहून अधिक माणसे नसावीत, त्याच्या कामाची तपासणी नोंदणीच्या आकड्यावर न होता भेटींवर आणि लागलेल्या कामांवर व्हावी, आणि आठवड्याचे दोन दिवस त्याने कार्यालयाबाहेर काढावेत, एवढी मागणी आम्ही करतो. ती काही क्रांतिकारक नाही.

आणि ती आम्ही केवळ माळव्यासाठी करीत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये न्यायालयाच्या निकालाने थांबल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत ट्रक अंगणात उभे राहिले. कर्जसवलतींची, अर्थसाहाय्याची, पुन्हा खाणी सुरू करण्याची चर्चा विधानसभेत पुष्कळ झाली, आणि ती आवश्यकही होती. पण ट्रकवरचा चालक, यंत्रावरचा फिटर, तोलकाट्यावरचा कारकून यांना एकेकाला बोलावून "तुझ्या हातातल्या कसबाला आणखी कोठे मोल आहे?" असे विचारण्याचे काम कोणाचे होते? पणजीच्या केंद्राचे म्हणाल, तर त्याच्याकडे ते कोणी सोपविले होते? अंगणातला ट्रक गंजला, हे सर्वांनी पाहिले. ओसरीवर बसलेला चालक वाट पाहत राहिला, आणि वाट पाहणे हेच त्याचे काम झाले.

उज्जयिनीला मात्र आता एक संधी चालून येत आहे. २०२८ मध्ये तेथे सिंहस्थ भरेल. घाट, पूल, रस्ते यांची कामे आणि मग यात्रेतले स्वयंपाकी, चालक, सफाई कामगार, वीजतंत्री, शुश्रूषक. हजारो हातांना महिनोन् महिने काम मिळेल. महाकाल लोकाच्या २०२२ मधील उद्घाटनानंतर धर्मशाळा-हॉटेलांची संख्या वाढत गेली आहे, तिच्यात ही भर पडेल. ही भरती कंत्राटदारांच्या मुकादमांनी आपापल्या ओळखीतून करावयाची, की रोजगार कार्यालयाने गिरणी-वस्तीत जाऊन, कोणाला काय येते हे विचारून करावयाची, हे आतापासून ठरविता येईल. प्रत्येकाच्या हाती काम संपताना त्याने काय केले याचा दाखला देता येईल. दक्षिण आफ्रिकेतच असे आढळले आहे की मागच्या मालकाचे साधे शिफारसपत्र जोडले तर मुलाखतीस बोलावणे येण्याचे प्रमाण बरेच वाढते. रामचंद्रबाबांच्या काळीही शिफारसपत्राची महती काही निराळी नसावी.

सिंहस्थाच्या शेवटच्या शाही स्नानानंतर आखाडे उठतील, तंबू उतरतील आणि ती हजारो माणसे पुन्हा मोकळी होतील. त्या वर्षीच्या जूनमध्ये, पाऊस सुरू व्हावयाच्या आधी, त्यांच्यापैकी कितीजणांना रोजगार कार्यालयातून भेटीची तारीख मिळालेली असेल, तो आकडा मध्य प्रदेश सरकारने प्रसिद्ध करावा. आम्ही तो छापू.